वर्गात जाताना कान घेऊन जा

पत्र: मी अठरा वर्षं रेडिओत आहे. निवेदिका म्हणून सुरुवात केली, आता कार्यक्रमांची निर्मिती बघते. गेल्या वर्षी एका विद्यापीठाच्या माध्यम विभागात पाहुणी म्हणून एक सत्र शिकवलं. मुलं मन लावून ऐकायची, शेवटच्या तासाला टाळ्याही वाजवल्या. पण त्यांनी करून आणलेली ध्वनिमुद्रणं ऐकली आणि मन खट्टू झालं. मी सांगितलेलं काहीच त्यांत उतरलं नव्हतं. आता त्याच विभागाने पूर्णवेळ अध्यापनाची जागा देऊ केली आहे आणि महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. तिथले सहकारी पीएचडी झालेले, सिद्धांतांच्या भाषेत बोलणारे. त्यांच्यात मी उसन्या खुर्चीवर बसल्यासारखी असते. शिवाय ही मुलं रेडिओ ऐकतच नाहीत, मग त्यांना शिकवायचं तरी काय? माइक सुटला की माझ्याजवळ काय उरेल? आणि जागा घेतलीच, तर पहिल्या दिवशी वर्गात नेमकं काय करू?
— एक निवेदिका

प्रिय मैत्रीण,

जागा घ्या. महिनाअखेरची टांगती तलवार आहे म्हणून हे आधीच सांगून टाकते. पण गेल्या वर्षी शिकवलंत तसं यंदा शिकवू नका.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. ‘मुलं मन लावून ऐकायची.’ सत्रभर मुलं ऐकत होती आणि तुम्ही बोलत होतात. अठरा वर्षं माइकसमोर बसलेल्या माणसाचं बोलणं गोड असणारच, त्यात चढउतार असणार, किस्से असणार. मुलं रंगून गेली आणि टाळ्या वाजवल्या. तो चांगला कार्यक्रम झाला. पण कार्यक्रम ऐकून कुणाला कार्यक्रम करता येत नाही, तसं असतं तर तुमचे सगळे श्रोते एव्हाना निर्माते झाले असते.

हे मी अधिकाराने सांगते, कारण माझं पहिलं वर्ष असंच गेलं. स्टुडिओतून वर्गात आले त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. थेट प्रसारण चालू असताना वीज कशी गेली, पाहुणे पोहोचलेच नाहीत तेव्हा अर्धा तास कसा निभावला, एका मुलाखतीत समोरचे गृहस्थ रडू लागले तेव्हा मी काय केलं. वर्ग भरलेला असायचा. सत्र संपताना मुलांकडून निनावी अभिप्राय घेतले. बहुतेकांनी भरभरून लिहिलं होतं. एका चिठ्ठीवर मात्र दोनच ओळी होत्या: ‘मॅडमचे अनुभव फार छान आहेत. पण माझा आवाज मॅडमनी अजून ऐकलेला नाही.’

ती चिठ्ठी कुणाची, हे मला कधीच कळलं नाही. पण त्या दिवसापासून माझं शिकवणं बदललं. तुम्हाला सांगायचं ते एवढंच आहे: वर्गात तुमचं तोंड नव्हे, तुमचे कान कामाला येतात. अठरा वर्षांत तुम्ही खरं काय कमावलंत, तर ऐकणं. एखादं वाक्य लिहून वाचलंय की मनातून आलंय, हे तुम्हाला चार शब्दांत कळतं. बोलणारा कागदाकडे बघतोय की समोरच्या माणसाकडे, हेही कळतं. खोली रिकामी आहे की पडदे लावलेली आहे, माइक तोंडापासून एक वीत लांब आहे की चार बोटं, सगळं कळतं. मुलांना हे ऐकूच येत नाही. त्यांना ते ऐकू यायला लागणं म्हणजे तुमचा अभ्यासक्रम.

आता त्यातली अडचण सांगते. ती फक्त आपल्या धंद्यातल्या माणसाला येते. आपण शांततेला घाबरतो. प्रसारण केंद्रात शांतता ओळखणारी यंत्रणा बसवलेली असते. ठरावीक सेकंदांपलीकडे काही ऐकू आलं नाही की धोक्याची सूचना मिळते, कित्येक ठिकाणी राखीव ध्वनिमुद्रण आपोआप सुरू होतं. इतकी वर्षं काम केलं की ती यंत्रणा आपल्या अंगात बसते. वर्गात आपण प्रश्न विचारतो, कुणी बोलत नाही, आणि दुसऱ्या सेकंदाला आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. रेडिओवर हे कौशल्य, पण वर्गात ते मुलांच्या मुळावर येतं.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ होत्या. १९७० च्या सुमारास त्यांनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात ते मोजलं. सरासरी एक सेकंदाच्या आसपास! शिक्षकांनी हा वेळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, आणि ‘माहीत नाही’ किंवा नुसतीच मान खाली, असं कमी झालं. तीन सेकंद म्हणजे काही फार नाही. पण वर्गासमोर उभं राहून मोजून बघा. मला सुरुवातीला पाठीमागे हात बांधून बोटांवर मोजावं लागायचं.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते नीट कळेल.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने रात्रपाळीच्या परिचारिकेची मुलाखत आणली होती. मूळ ध्वनिमुद्रण सत्तेचाळीस मिनिटांचं, त्याचं चार मिनिटांचं संकलन करायचं होतं. त्याने ते केलं होतं, आणि स्वच्छ केलं होतं. कुठे अडखळणं नाही, कुठे खोकला नाही. तरी ऐकताना काही हलत नव्हतं. मी म्हटलं, मूळ लाव. बावीस मिनिटांच्या पुढे कुठेतरी त्याने प्रश्न विचारला होता, ‘तुम्हाला भीती कधी वाटते?’ त्यावर त्या बाई गप्प. दूर कुठेतरी एक चाकांची खाट ढकलत नेल्याचा आवाज येतो. मग त्या श्वास घेतात आणि म्हणतात, ‘पहाटे चारला. तेव्हा कुणी हाक मारत नाही.’

मधली शांतता सात सेकंदांची होती. मुलाने ती काढून टाकली होती. म्हणजे खरं तर त्याने नव्हे, सॉफ्टवेअरने. त्याने सगळ्या रिकाम्या जागा एका फटक्यात उडवण्याची आज्ञा दिली होती, आणि त्यात त्या बाईंचा श्वासही गेला होता.

माझा हात माउसकडे जात होता. दहा सेकंदांत मी ते जुळवून दिलं असतं. पण हात आवरला. त्यालाच म्हटलं, सात सेकंद परत ठेव. सगळ्या वर्गाने ऐकलं. आता पाच कर. पुन्हा ऐकलं. आता तीन. तीनवर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘आता त्यांना उत्तर आधीच माहीत होतं असं वाटतंय.’ कुणीतरी म्हणालं, सात सेकंद ठेवले तर श्रोत्याला वाटेल मुद्रणच बंद पडलं. त्यावर पहिली म्हणाली, खाटेचा आवाज आहे ना, मग नाही वाटणार. वाद पंधरा मिनिटं चालला. अखेर पाच सेकंद, खाटेचा आवाज आणि पूर्ण श्वास, यावर एकमत झालं. त्या पंधरा मिनिटांत मी चार वाक्यंही बोलले नसेन.

नंतर मी त्यांना सुतळीचे तुकडे वाटले, प्रत्येक तुकडा एकोणीस सेंटिमीटरचा. ध्वनिफितीच्या रिळांच्या जमान्यात सेकंदाला साडेसात इंच वेगाने मुद्रण केलं की एका सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर फीत जायची. हातात फीत धरून, खुणेची पेन्सिल लावून, ब्लेडने तिरकी कापून चिकटपट्टीने जोडायची. सात तुकडे जोडले तर सव्वा मीटरहून लांब भरतात. त्या मुलाने दोन्ही हात पसरून ती सुतळी धरली आणि म्हणाला, ‘एवढं मी फेकून दिलं?’ संगणकाच्या पडद्यावर सात सेकंद म्हणजे बोटभर सपाट रेघ. हातात घेतल्यावर ते केवढे असतात ते दिसलं.

असा एक तास तुमच्या दहा किश्श्यांना भारी आहे. म्हणून किस्से बंद करा असं नाही. मुलाच्या कामातून प्रश्न निघाला की मगच तुमचा अनुभव काढा. तो तेव्हा औषधासारखा लागू पडतो. आधीच पाजला तर नुसतीच चव लागते.

आणि माउसला हात लावू नका. हे मी पुन्हा सांगते कारण निर्मात्याला ते फार जड जातं. स्टुडिओत घड्याळ पुढे पळत असतं, नवशिक्याला बाजूला सारून काम उरकणं हा तिथला धर्म आहे. वर्गात वाईट काम वाईटच राहिलं तरी आभाळ कोसळत नाही. ते त्याने स्वतः सुधारलं, भले निम्मंच, तरी ते त्याचं.

आता त्या उसन्या खुर्चीबद्दल.

सहकाऱ्यांची सिद्धांतांची भाषा तुम्हाला परकी वाटते. पण त्या भाषेचा केवढा तरी भाग रेडिओच्या पोटातूनच आलेला आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशावर रेडिओ संशोधनाचा एक प्रकल्प सुरू झाला. रेडिओ लोकांचं नेमकं काय करतो, हा त्याचा विषय. समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड त्याचे प्रमुख, हॅडली कॅन्ट्रिल आणि फ्रँक स्टँटन सोबत. यातले स्टँटन सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीत नोकरीला होते, पुढे १९४६ मध्ये ते त्या कंपनीचे अध्यक्ष झाले. प्रसारणातला माणूस आणि विद्यापीठातला माणूस एका टेबलाशी बसले, तेव्हा माध्यम-संशोधनातल्या कितीतरी गोष्टींची पायाभरणी झाली. तुम्ही त्याच टेबलाशी बसायला चालला आहात.

लाझार्सफेल्ड आणि स्टँटन यांनी मिळून एक साधं यंत्र केलं होतं. श्रोत्यांच्या हातात दोन बटणं द्यायची. कार्यक्रम ऐकताना आवडलं की हिरवं, नाही आवडलं की लाल, काहीच वाटलं नाही तर कुठलंच नाही. कुठल्या क्षणाला काय दाबलं गेलं, ते कागदाच्या पट्टीवर उमटत जायचं. मी हे वर्गात रंगीत कागदांनी करते. एका मुलाचं काम वाजत असतं, बाकीचे हिरवा किंवा लाल कागद वर धरतात, आणि ज्याचं काम आहे तो समोर उभा राहून बघतो. सगळ्यात जास्त बोध त्याला लाल कागदांतून होत नाही. एकही कागद वर नसतो, तिथे होतो. एकदा हे करा आणि मग तुमच्या सिद्धांतवाल्या सहकाऱ्यांपैकी एखाद्याला बोलवा. पुढचा अर्धा तास त्यांचा. श्रोत्यांची प्रतिक्रिया मोजता येते का, मोजल्याने ती बदलते का, हे ते तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

लाझार्सफेल्ड यांनी १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतल्या एका काउंटीतले मतदार महिनोन्‌महिने धरून ठेवले, त्यांना पुन्हापुन्हा जाऊन विचारलं. रेडिओ आणि वर्तमानपत्रं मतं फिरवत असतील असा अंदाज होता. निघालं असं की माध्यमांपेक्षा ओळखीतल्या माणसांचं बोलणं जास्त चालतं, आणि त्या ओळखीतल्या माणसांपैकी काही जण माध्यमं जास्त ऐकणारे-वाचणारे असतात. याला पुढे द्विस्तरीय प्रवाह असं भारदस्त नाव मिळालं. आता तुमच्या टपालाची आठवण काढा. ‘मी स्वतः तो कार्यक्रम ऐकला नाही, पण शेजारच्या काकांनी सांगितलं’ असं लिहिणारी पत्रं तुम्हालाही आली असतीलच. हा सिद्धांत तुम्ही अठरा वर्षं हाताळलाय, त्याचं नाव तेवढं माहीत नव्हतं.

आणखी एक उदाहरण देते. मी दर वर्षी ते वापरते. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री सीबीएसवर मंगळवासीयांच्या हल्ल्याची नभोनाटिका झाली. दिग्दर्शक आणि मुख्य आवाज ऑर्सन वेल्स, वय तेवीस. नाटिकेचा बराचसा भाग बातमीपत्राच्या रूपात होता: संगीत चालू आहे, मध्येच ताजी बातमी, पुन्हा संगीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी देशभर घबराट उडाल्याच्या बातम्या छापल्या, आणि ती गोष्ट आजतागायत सांगितली जाते. पण त्याच रात्री श्रोतेमोजणीसाठी पाच हजार घरांना फोन केले गेले होते, आणि त्यांतल्या जेमतेम दोन टक्क्यांनी ती नाटिका ऐकत असल्याचं सांगितलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की घबराट होती त्याहून खूप फुगवून सांगितली गेली. जाहिराती पळवणाऱ्या रेडिओला बेजबाबदार ठरवण्यात वर्तमानपत्रांचा स्वार्थही होता. वर्गात याचे दोन तास होतात. पहिला तुमचा: बातमीपत्राचा घाट कानाला खरा का वाटतो, मध्येच तुटणारं संगीत काय करतं, निवेदकाचा आवाज कधी घाबरलेला वाटतो. दुसरा सहकाऱ्यांचा: घबराट उडाली हे आपल्याला सांगितलं कुणी? हे दोन तास एकमेकांना लागून ठेवा. विभागात तुमची खुर्ची कुठली, याचा प्रश्न मग फार दिवस उरणार नाही.

पीएचडीची घाई करू नका. वर्षानुवर्षं पोखरणारा एखादा प्रश्न असेल, तर जरूर करा. तुमच्या पत्रात मला तसा एक प्रश्न दिसतो: सांगितलेलं मुलांच्या कामात का उतरत नाही? पण नुसती खुर्ची पक्की करायला पदवी घ्याल तर चार वर्षं कुढाल. तरीही एक चौकशी आधीच करा. ही जागा टिकणं आणि बढती मिळणं पदवीवर अवलंबून आहे का, आणि असेल तर किती वर्षांची मुदत, हे लेखी विचारा. तोंडी ‘बघू, होईल’ यावर जाऊ नका.

लेखी विचारायची आणखी एक गोष्ट म्हणजे एका तुकडीत किती मुलं. हिशोब करून दाखवते. साठ मुलं, प्रत्येकाचं चार मिनिटांचं काम, म्हणजे एकदा ऐकायलाच चार तास. नीट अभिप्राय द्यायचा तर दोनदा ऐकावं लागतं, म्हणजे आठ. लिहायचा वेळ वेगळा. सत्रात अशी पाच कामं असली तर तुम्हीच गुणाकार करा. प्रात्यक्षिकाची तुकडी वीसच्या वर जाऊ देऊ नका. ते शक्य नसेल तर कामांची लांबी कमी करा, चार मिनिटांची दीड मिनिट करा. मुलांना दीड मिनिट जास्त अवघड जाईल आणि ते बरंच आहे. स्टुडिओ संध्याकाळी उघडा राहतो का, किल्ली कुणाकडे असते, हेही विचारून ठेवा. माझ्या पहिल्या ठिकाणी यंत्रसामग्री उत्तम होती आणि कुलूप त्याहून उत्तम होतं. मुलांनी दोन सत्रं फोनवरच मुद्रणं केली.

मुलं रेडिओ ऐकत नाहीत, ही तुमची खंत मला समजते. पण कानाला काहीतरी लावून चालत नाही असा एक तरी विद्यार्थी तुम्हाला दिसला का? पॉडकास्ट ऐकतात, एकमेकांना लांबच लांब आवाजी निरोप पाठवतात. लहरी बदलतात. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम प्रसारण बंद करून त्या डिजिटलवर नेल्या. मुलांना आपल्या काळातल्या रेडिओचं प्रेम शिकवायला जाऊ नका, ते शिकवून येत नाही. कानासाठी लिहायला शिकवा. ते त्यांना कुणीच शिकवलेलं नसतं, शाळेत सगळं डोळ्यांसाठी लिहून घेतलेलं असतं.

आणि आपल्या मराठीत ही अडचण जास्तच. आपलं क्रियापद शेवटी, आणि नामाआधी विशेषणांची रांग लावायची सोय. एका मुलीच्या बातमीपत्रातलं वाक्य असं होतं: ‘गेल्या तीन दिवसांपासून वाहतुकीसाठी बंद ठेवण्यात आलेला आणि दुरुस्तीचे काम पूर्ण झाल्याचे अभियंत्यांकडून प्रमाणित करण्यात आलेला नदीवरील पूल आजपासून पुन्हा खुला करण्यात आला आहे.’ व्याकरणात खोट नाही. कागदावर डोळा मागे जाऊन येतो. कान मागे जाऊ शकत नाही. पूल येईपर्यंत श्रोत्याने सतरा शब्द हातात धरून उभं राहायचं, आणि ते कशाबद्दल आहेत ते त्याला माहीतच नाही. मी तिला म्हटलं, घरी फोन करून सांगायचं असतं तर काय म्हणाली असतीस? ती पटकन म्हणाली, ‘अगं, पूल सुरू झाला.’ बस, तिथून सुरुवात. ‘नदीवरचा पूल आज पुन्हा सुरू झाला. तीन दिवस तो बंद होता. दुरुस्ती पूर्ण झाल्याचं अभियंत्यांनी सांगितलं आहे.’ आधी पूल, मग त्याची हकिगत.

हे शहाणपण नवं नाही. बीबीसीत भाषण विभागाच्या पहिल्या प्रमुख हिल्डा मॅथेसन यांनी १९२७ पासून मोठमोठ्या विद्वानांना हेच समजावलं होतं. सभेसाठी लिहिलेलं भाषण माइकसमोर वाचू नका, समोर एकच माणूस बसलाय असं धरून बोला. तुम्ही रोज करताय ते. फक्त आता ते का करता, हे सांगता आलं पाहिजे.

राहिला माइक. तो सोडू नका, निदान पहिली दोन वर्षं तरी. रोजचं काम सोडावं लागेल, ते सोडा. महिन्याला एखादा कार्यक्रम स्वतः करत राहा, आणि त्याचं कच्चं संकलन मुलांसमोर ठेवा, त्यांना त्यातल्या चुका काढू द्या. ते काढतील. पहिल्यांदा बोचेल. पण शिक्षिका स्वतःचं काम लाल कागदांसमोर ठेवते, हे पाहिल्यावर मुलं आपली कामं विनासंकोच आणतात.

‘माझ्याजवळ काय उरेल’ या प्रश्नावर मला एका बाईंबद्दल सांगायचंय. आयडा लू अँडरसन या वॉशिंग्टन राज्यातल्या कॉलेजात वक्तृत्व शिकवायच्या. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे पाठीत वाक आलेला, प्रकृती कायम नाजूक. पुढे सीबीएसचा नामवंत वार्ताहर झालेला एडवर्ड मरो त्यांचा विद्यार्थी, १९३० मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे लंडनवर बॉम्ब पडत असताना त्याने तिथून केलेली वार्तांकनं अमेरिकेत घरोघरी ऐकली जायची, आणि बाईही आपल्या रेडिओशी बसून ऐकत. त्यांनी त्याला कळवलं की सुरुवातीच्या ‘धिस इज लंडन’ या शब्दांत पहिल्या शब्दानंतर किंचित थांब. त्याने तसं केलं. ‘धिस’, मग एक विराम, मग ‘इज लंडन’. हा विराम त्याची ओळख बनला. १९४१ मध्ये बाई गेल्या. लाखो श्रोत्यांनी मरोचा आवाज ऐकला. त्या आवाजात एक जागा मोकळी हवी, हे त्याच्या शिक्षिकेला ऐकू आलं.

म्हणून पहिल्या दिवशी काय करायचं, तर फारसं बोलू नका. नाव सांगा, आणि सांगा की आता चार मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं. पंखे, दिवे, खिडक्या जशा आहेत तशा. चार मिनिटं झाली की ऐकू आलेल्या आवाजांची यादी प्रत्येकाने कागदावर लिहायची. दुसऱ्या मिनिटाला चुळबुळ सुरू होईल, कुणीतरी हसेल. थांबा. तिसऱ्या मिनिटाला वर्ग खरोखर ऐकू लागतो. मग एकेकाला यादी वाचायला लावा, सगळ्यात मागे बसलेल्यापासून सुरुवात करून. कुणाच्या यादीत सहा आवाज असतील, कुणाच्या वीस. कुणीतरी शेजारच्याच्या श्वासाचा आवाज लिहिलेला असेल. त्याचं नाव लक्षात ठेवा. तुम्हीही यादी करा, पण ती शेवटी वाचा, आणि मुलांनी टिपलेले पण तुमच्याकडून सुटलेले आवाज त्यांच्यासमोरच तिच्यात लिहून घ्या. तोवर वर्गातल्या प्रत्येकाचा आवाज तुम्ही एकदा ऐकलेला असेल.